उतारावर सोडलेला हातब्रेक

पुरवणी जबाब
पोलीस ठाणे, जुने गाव विभाग, तारागोना. दिनांक १३ सप्टेंबर, सकाळी ८ वाजून १५ मिनिटे.

नाव: फिलोमेना गिनेर सान्चिस. वय: ७१ वर्षे. धंदा: निवृत्त. छत्तीस वर्षे नोटरीच्या कचेरीत नोकरी, त्यातली शेवटची चौदा वर्षे मुख्य कारकून. राहणार: रुसाफा, वालेन्सिया.

मी आज कोणी बोलावले नसताना स्वतःच्या पायांनी ठाण्यात येऊन, उपनिरीक्षक मिरेया पोन्स यांच्यासमोर सांगते की, काल १२ तारखेला सायंकाळी साडेसहा वाजता मी याच मेजावर जो जबाब दिला, तो खोटा आहे. त्या जबाबावरून बर्फाच्या व्हॅनचा चालक कीम फेरे, वय ४४, याला काल रात्रभर कोठडीत ठेवले आहे आणि आज अकरा वाजता न्यायाधीशांपुढे उभे करणार आहेत. ते होण्याआधी हा जबाब नोंदवून घ्यावा.

उपनिरीक्षक बाईंनी मला "थोडक्यात सांगा" असे म्हटले. काल मी थोडक्यातच सांगितले होते. म्हणून आज सविस्तर सांगते.

माझी भावजय एम्पार, वय ६८, आणि मी अशा दोघींनी तीन दिवस गाडी भाड्याने घेऊन किनाऱ्यावरची जुनी गावे पाहायचे ठरवले होते. सागुंतो, मग पेनिस्कोला, मग तारागोना. माझा भाऊ तिला हे सगळे दाखवणार होता. पंचवीस वर्षे दाखवणार होता. तो गेल्या वर्षी वारला. मी तिला म्हटले, तुझ्या नवऱ्याने नाही दाखवले ते नणंद दाखवेल. माझा मुलगा विसेंत म्हणाला, "आई, आगगाडीने जा. या वयात गाडी कशाला?" मी त्याला म्हटले की जून महिन्यात डॉक्टरांनी माझा परवाना नवा करून दिला आहे, तू डॉक्टर आहेस का? तो म्हणाला, "एक ओरखडा जरी आला ना, तर परवाना मी काढून घेणार." हे इथे लिहून घ्यावे, कारण पुढे याचा संबंध येतो.

१० तारखेला सकाळी नऊ वाजता आम्ही वालेन्सियात गाडी घ्यायला गेलो. गाडी देणाऱ्यांचे नाव मी सांगत नाही, त्यांची काही चूक नाही. तिथल्या कारकुनाने आम्हाला नवी कोरी गाडी दाखवली.

तो म्हणाला, "आजी, हिला ब्रेकचं बटण आहे. गाडी बंद केली की आपोआप लागतो. तुम्हाला लक्षात ठेवायची कटकट नाही."

मी म्हटले, "पहिली गोष्ट, मी तुझी आजी नाही. दुसरी, माझ्या लक्षात सगळं राहतं. मला हातब्रेकचा दांडा असलेली गाडी दे."

"दांड्याची एकच उरलीय, बाई. जुनी आहे. आरसा चिकटवलेला आहे."

"मी पण जुनीच आहे. चिकटवलेली नाही, एवढंच."

तो हसला आणि त्याने कागदावर 'ग्राहकाच्या आग्रहावरून' असे लिहिले. तो कागद गाडीत पुढच्या खणात होता. काल मी तो दाखवला नाही. आज सोबत जोडते.

दांडा कशाला हवा होता, हे उपनिरीक्षक बाईंनी विचारले. त्या डोंगराकडच्या आहेत, त्यांना माहीत नसणे शक्य आहे. आमच्या वालेन्सियात जागा मिळाली नाही की गाडी दुसऱ्या ओळीत, उभ्या गाड्यांना लागून लावतात. पण मग हातब्रेक खाली सोडून आणि गिअर काढून जायचे. आतल्या गाडीवाल्याला निघायचे असेल तर तो तुमची गाडी हाताने चार पावले पुढे ढकलतो आणि निघून जातो. कोणी कोणाला विचारत नाही, कोणी रागावत नाही. ब्रेक ओढून जाणाऱ्याला मात्र सगळी गल्ली शिव्या घालते. आमचे गाव ताटासारखे सपाट आहे. ढकललेली गाडी जिथल्या तिथे थांबते. मी अठ्ठेचाळीस वर्षे अशीच गाडी लावत आले. बटणाच्या गाडीला हे करता येत नाही. शेजारधर्म म्हणून मी दांडा मागितला. तेव्हा मला स्वतःचा अभिमानच वाटला होता.

सागुंतो आणि पेनिस्कोला इथे काही घडले नाही. काल दुपारी एक वाजता तारागोनाला पोचलो. समुद्रावरच्या खानावळीत भात मागवला. त्यात कांदा होता, आमच्या वालेन्सियात भातात कांदा कोणी घालत नाही. मी तो परत पाठवला, दुसरा आला, त्यातही कांदा होता. एम्पार म्हणाली, "वन्सं, खा आता. भांडायला आलोय का आपण?" याचा गुन्ह्याशी संबंध नाही असे उपनिरीक्षक बाईंचे म्हणणे आहे. संबंध असा की, दुपारपासून मी चिडलेली होते आणि कुठेतरी वरचढ ठरायचे होते.

सायंकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी मी गाडी कुंभार गल्लीत आणली. त्या गल्लीत मठाच्या नन्स बदामाची बिस्किटे करून भिंतीतल्या फिरत्या खिडकीतून विकतात. मी स्वतः नन्सच्या शाळेत शिकलेली आहे, त्यामुळे मला ती घ्यायचीच होती. जागा नव्हती. मठाच्या दाराशी एक पांढरी व्हॅन उभी होती. तिच्या बाजूने, दुसऱ्या ओळीत, मी गाडी लावली. तिथे गल्ली सपाट वाटते. साधारण वीस पावलांवर ती समुद्राकडे उतरते. तो उतार मला दिसला होता. काल मी म्हटले की दिसला नाही.

कीम फेरे व्हॅनमधून बर्फाची खोकी उतरवत होता. आमच्यात जे बोलणे झाले त्यातले त्याचे तेवढे वाक्य मी काल जबाबात दिले होते. माझे दिले नव्हते. आता दोन्ही देते.

तो म्हणाला, "बाई, मला दहा मिनिटांत निघायचंय, बर्फ वितळतोय. गाडी काढा, नाहीतर मी ढकलून देईन."

मी म्हटले, "ढकला की. त्यासाठीच तर तशी ठेवलीय."

तो म्हणाला, "म्हणजे ब्रेक सोडलाय? तुम्ही वालेन्सियाच्या का?"

"मग? तुला काय वाटलं, तारागोनाची आहे?"

तो हसला. म्हणाला, "माझी बायको तिकडचीच. ती पण असंच करते. पण बाई, इथं पुढं उतार आहे हां."

मी म्हटले, "मला गाडी लावायला शिकवू नकोस. तू तुझा बर्फ सांभाळ."

एम्पार माझ्या शेजारी उभी होती.

आम्ही मठात गेलो. फिरत्या खिडकीतून डबा आला, त्यात एक बिस्कीट तुटलेले होते. पलीकडची नन दिसत नाही, फक्त आवाज येतो. मी त्या आवाजाला ऐकवत होते की आमच्या शाळेत तुटका पदार्थ पाहुण्यापुढे ठेवला तर हातावर पट्टी बसायची. तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. एकदा, मग पुन्हा एकदा, लांब. एम्पार म्हणाली, "वन्सं, तो आपल्यालाच बोलावतोय. जाऊ या का?" मी म्हणाले, "त्याला हात नाहीत का? ढकल म्हणावं." आणि मी दुसरा डबा मागितला.

त्यानंतर आरडाओरडा ऐकू आला. आम्ही बाहेर आलो. गाडी जागेवर नव्हती. ती उतारावरून खाली चालली होती आणि कीम फेरे तिच्या मागे धावत होता. काल मी 'तो पळाला' एवढेच सांगितले. तो गाडी धरायला पळाला. दाराला मी कुलूप लावून गेले होते, ते त्याला उघडेना. त्याने मागचा बंपर दोन्ही हातांनी धरून ठेवला होता आणि तो पाय घासत जात होता. त्याचे तळहात सोललेले आहेत. काल ठाण्यात त्याला पट्टी बांधत होते तेव्हा मी तिकडे पाहिले नाही.

उताराच्या तळाशी श्रीमती रोसेर बोफारुल, वय ८२, आपल्या दाराबाहेर खुर्ची टाकून शेंगा सोलत बसल्या होत्या. त्या रोज बसतात असे शेजारी म्हणाले. गाडी त्यांच्या खुर्चीला लागली आणि भिंतीला टेकून थांबली. श्रीमती बोफारुल खाली पडल्या. खुब्याचे हाड मोडले आहे. आज नऊ वाजता त्यांचे ऑपरेशन आहे.

मी पोचले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहून विचारले, "तुमची गाडी का हो? काही मोडलं नाही ना तिचं?" मग म्हणाल्या, "माझी खुर्ची तेवढी कुणीतरी आत घ्या. आईची आहे ती." एम्पार जमिनीवर बसली आणि तिने त्यांचे डोके मांडीवर घेतले. कीम फेरे फोनवर रुग्णवाहिका बोलावत होता. त्याच्या हातातून फोन दोनदा निसटला.

मी त्या वेळी काय केले ते सांगते. मी 'गाडीचे कागद काढते' असे मोठ्याने म्हटले, किल्लीने दार उघडले, आत बसले आणि हातब्रेक वर ओढला. तो वर ओढताना आवाज होतो. आतल्या पट्टीचे चार दात, पाच दात कटकट वाजतात. तो आवाज होऊ नये म्हणून मी टोकाची कळ दाबून धरली. मग गिअर टाकला. मग कागद घेऊन बाहेर आले. पोलीस त्यानंतर सहा मिनिटांनी आले. त्यांना ब्रेक ओढलेला सापडला, तो असा.

त्यानंतर या ठाण्यात मी सांगितले की ब्रेक ओढलेला होता, गाडी गिअरमध्ये होती, या माणसाने आधी धमकी दिली होती आणि रागाच्या भरात व्हॅनने धक्का मारून गाडी उतारावर लोटली. त्याने स्वतःचे म्हणणे सांगितले, तेव्हा मी उपनिरीक्षक बाईंना म्हटले, "अशा लोकांचं तुम्ही ऐकून घेता?" एम्पारला विचारले तेव्हा ती म्हणाली, "मला काही ऐकू आलं नाही." ती डाव्या कानाने बहिरी आहे. ते खरे आहे.

हे मी का केले, असा प्रश्न उपनिरीक्षक बाईंनी विचारला. मुलगा परवाना काढून घेईल म्हणून. दुसरे कारण नाही. मला दुसरे एखादे मोठे कारण सापडले असते तर बरे वाटले असते.

आज सकाळी सात वाजता मुक्कामी नाश्त्याला एम्पार समोर बसली होती. कालपासून ती माझ्याशी बोलली नव्हती. कॉफीत साखर ढवळत म्हणाली, "वन्सं, मला डाव्या कानाने ऐकू येत नाही."

मी म्हटले, "माहितीय की."

"तो माणूस उजव्या बाजूला उभा होता."

एवढे बोलून तिने पाव खाल्ला. तिने मला ठाण्यात जा असे सांगितले नाही. तिच्यावर खोटी साक्ष दिल्याचे कलम लावू नये अशी विनंती आहे. ती माझ्यासाठी गप्प बसली, आणि तिने गप्प बसावे अशा नजरेने मी तिच्याकडे पाहिले होते.

कीम फेरेला उतार माहीत होता, तरी त्याने गाडी का ढकलली, असे उपनिरीक्षक बाईंनी विचारले. त्याने हॉर्न वाजवून मला दोनदा बोलावले. मी गेले नाही. त्याचा बर्फ वितळत होता. त्याने गाडी ढकलली ती मी सांगितले म्हणून. त्याला दोष द्यायचा असेल तर तो न्यायाधीशांनी द्यावा. ते काम काल मी केले, ते माझे नव्हते.

मी माझा वाहन चालवण्याचा परवाना मेजावर ठेवला आहे. तो जमा करून घेण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे उपनिरीक्षक बाई म्हणाल्या. मी म्हटले, मग तो मेजावर नुसता राहू दे. श्रीमती बोफारुल यांना भेटण्याची परवानगी मी त्यांच्या मुलीकडे मागणार आहे. नाही म्हणाली तर दाराबाहेर बसेन. खुर्ची आत घेतली की नाही, तेही पाहायचे आहे, कारण काल कोणी घेतली हे मला माहीत नाही. मी घेतली नाही.

नोटरीच्या कचेरीत छत्तीस वर्षे मी इतरांचे दस्त मोठ्याने वाचून दाखवले आणि 'हे खरे आहे ना' असे विचारून त्यांच्या सह्या घेतल्या. म्हणून हा जबाब दुसऱ्या कोणी मला वाचून दाखवण्याऐवजी मीच वाचावा, अशी विनंती मी केली. खोलीचे दार उघडे ठेवावे, अशीही केली. बाहेर बाकावर कीम फेरेला आणून बसवले होते.

वरील मजकूर मी सकाळी ९ वाजून ५ मिनिटांनी उभी राहून, बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. वाचताना एक चूक आढळली ती दुरुस्त करते: 'दुसऱ्या ओळीत, मी गाडी लावली' या शब्दांनंतर 'हातब्रेक मी माझ्या हाताने खाली सोडला' हे शब्द घालायचे राहिले होते. माझ्याच तोंडून राहिले होते, लिहिणाऱ्याकडून नव्हे. ते आता त्या ओळीच्या समासात घातले आहेत आणि शेजारी माझी सही आहे.

फिलोमेना गिनेर सान्चिस