कुकर धडधाकट आहे

रॉकेलची गाडी येणार येणार म्हणून तुर्भ्याच्या रेशन दुकानापुढे वैदेहीच्या पायांचे तुकडे पडायची वेळ आली होती. पुढे सुनयना आणि तिच्या शेजारच्या रंगूबाई यांच्या तोंडाला मात्र उसंत नव्हती.

“सुनयना, परवाच रॉकेल न्हेलंस की गं! संपलं?”

“डाळ पातेल्यात शिजवते, मावशी. स्टोव्ह दुपारपर्यंत चालू. संपणार नाही तर काय!”

“कुकर बिघडला?”

“कुकर धडधाकट आहे, नवरा बिघडलाय! काश्मीरहून रजेवर आल्यापासून शिट्टी वाजली की पोराला उचलतात आणि मोरीत जाऊन बसतात.”

“अगं बया! येवढा फौजेतला हवालदार गडी?”

“तेच तर! नुसतं सूं सूं सुरू झालं की घामाघूम. डॉक्टरकडे चला म्हटलं, तर म्हणे कागदावर आलं की बढती गेली. वर मलाच दम, कुणाला सांगू नकोस!”

“मला तरी सांगायचं. भिंत एक आपली.”

“त्या भिंतीचाच तर वैताग आलाय! मी कुकर माळ्यावर टाकला, पण तुमच्या शिट्ट्या रोज येतातच ना पलीकडून!”

“मंग शिट्टीआधी भिंतीवर ठोकत जाऊ?”

“ठोकू तर अजिबात नका! हात जोडते!”

“ठोकू नको, शिट्टी नको! मंग काय डाळ कच्ची खाऊ आमी?”

रंगूबाई फणकाऱ्याने वैदेहीकडे वळल्या.

“ओ ताई, माझा नंबर धरा. ह्यो डबा आता पुरायचा न्हाय, मोठा घिऊन येते.”