नाव सांगा, तुमचं नाही, औषधाचं

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील डॉक्टर मंडळी, रुग्णालयाच्या औषधखिडकीवरून आज निवृत्त होणाऱ्या आपल्या ताई, आणि त्या खिडकीसमोरच्या रांगेत ज्यांची ओळख झाली असे श्रोतेहो,

माझ्याआधी चिटणीस फार ओघवते बोलले. त्या ओघात तारखा वाहून गेल्या. ते म्हणाले, स्वस्त वेदनाशामकाचा प्रघात समितीने पाडला आणि 'या आजोबांच्या पत्नीने हयात असताना, अकरा मार्चला, तो रांगेला शिकवला'. या विधानात दोन चुका आहेत. तिसरीही असावी, असे मला पुष्कळ दिवस वाटत होते. ती नाही.

माझ्या पत्नीचा कर्करोग हाडांत उतरला होता. डॉक्टरांनी बारा तास पुरणारी गोळी लिहून दिली. कंपनी नामांकित, किंमत अशी, की दुकानदारही ती हळू आवाजात सांगे. गोळ्या पुराव्यात म्हणून ती माझ्या नकळत त्या अर्ध्या करू लागली. परिणाम? सकाळी भलती गुंगी आणि दुपारपासून भिंतीकडे तोंड करून कण्हणे.

एकदा खिडकीतून ताईंनी विचारले, "काकू, गोळी तोडता ना?"

"तुला गं कोणी सांगितलं?"

"नखांत भुगा दिसतोय. ही तोडायची नसते हो! सगळं औषध एकदम अंगात उतरतं. जिवावर बेतेल."

"नको बाई. एवढी महागाची गोळी खाऊन मेले, तर हे मला मेल्यावरही ऐकवतील!"

ताईंनी डॉक्टरांना फोन लावला आणि चिठ्ठीवर कंपनीऐवजी औषधाचे मूळ नाव लिहून घेतले. तेच औषध, तीच मात्रा, तेच बारा तास. खोका साधा, किंमत चौथाई. त्या दिवसापासून ताई प्रत्येकाला विचारू लागल्या, "नाव सांगा. तुमचं नाही, औषधाचं." मूळ नाव ज्याला पाठ, त्याच्या गळ्यात महागडा खोका कोण मारणार? पत्नी ते नाव पाढ्यासारखे, शेवटचे अक्षर लांबवून म्हणे. रांग हसे. तिचे उरलेले आठवडे शांत गेले.

तिच्या निधनानंतर उरलेल्या गोळ्या खिशात घालून मी खिडकीकडे गेलो. कोणालाही सांगितले नव्हते. रांग पाढा म्हणत होती; शेवटचे अक्षर लांबवलेले.

एक अनोळखी बाई म्हणाली, "तुमच्या मिसेसनी आत्ताच शिकवलं. त्या हो, करड्या शालीतल्या. म्हणाल्या, आमचे हे मागून येताहेत, खिशात गोळ्या आहेत. कोणाला वाटू नका म्हणावं, ताईकडेच द्या."

ती करडी शाल मी पत्नीच्या अंगावरच राहू दिली होती, अखेरपर्यंत, चितेवरही.

ताईंनी गोळ्या घेतल्या. मग माझ्या खांद्यावरून मागे पाहत त्या म्हणाल्या, "बरोबर, काकू."

मी मागे वळलो नाही.

ताईंच्या जागी आता यंत्र बसणार, असे ऐकतो. अध्यक्षमहाशय, यंत्र बसवा. पण प्रश्न बंद करू नका. मला कसलेही औषध चालू नाही, तरी मी रोज त्या रांगेत उभा राहतो. खिडकीतून कोणी विचारलेच नाही, तर माझी पत्नी उत्तर कोणाला देईल?

ताई, आपले ऋण मानतो. श्रोत्यांनी शांतपणे ऐकले, आभारी आहे. बोलण्यात काही उणे-अधिक झाले असल्यास पदरात घ्यावे. तारखांत मात्र सवलत नको. त्या अशा:

गोळी प्रथम लिहून दिली : चौदा जानेवारी, फेब्रुवारीत नव्हे.

चिठ्ठीवर मूळ नाव आले : दोन फेब्रुवारी. समितीची बैठक त्यानंतर, एप्रिलात.

पत्नीचे निधन : सोमवार, नऊ मार्च.

पत्नीने रांगेला नाव शिकवले : बुधवार, अकरा मार्च. ही तारीख चिटणिसांनी बरोबर सांगितली. तीत दुरुस्ती नाही.