शिंपीकाकांचा पडदा

शिंपीकाका, जीभ परत तिकडेच चाललीय ना? — बोलू नका, बोलू नका, कापूस दाताखाली घट्ट धरा आणि नुसती मान हलवा. हत्यारं धुता धुता मला सगळं दिसतं. मागच्या खेपेलाही असंच — हिरडीतून काहीतरी पांढरं डोकावलं, तुम्हाला वाटलं राहिलेला कापूस, आणि उसवलेला धागा ओढावा तसा ओढून काढलात. वर पुडीत बांधून डॉक्टरबाईंना आणून दिलात! त्या हसतील की रडतील? म्हणून तर आज पुन्हा पहिल्यापासून सगळं.

अहो, तो पडदा होता. काढायचा नसतोच तो, आपोआप विरघळतो. नवा दात बसवायला जबड्यात जो स्क्रू घातला, त्याच्याभोवती हाडाची पूड भरली, ती उघडी ठेवली तर हिरडी आत घुसते — हिरडी फार उतावळी, रिकामी जागा दिसली की धावलीच. हाड बिचारं सावकाश येणार, महिने लावणार. तोवर मध्ये पडदा. डॉक्टरबाई मागे हे समजावत होत्या तेव्हा तुम्ही डोळे गच्च मिटून पडला होतात, ऐकलं ते मीच. तसं शंभरदा ऐकलंय म्हणा, पण त्या दिवशी चिमटा हातातच राहिला माझ्या. का? — लेक आलीय ना घरी. लग्न मोडून. आणि मी आपली — जेवलीस का, झोपलीस का, तो काय म्हणाला, वकील काय म्हणाले — तिला श्वास घेऊ देईन तर शपथ. त्याच दिवशी सकाळी तिनं बॅग भरली होती. म्हणाली, "आई, उद्या मी वसतिगृहात जाते. तुझ्या मायेत मला बसायलाच जागा नाही."

भुवया कसल्या उंचावताय? टाके ताणतील.

तर त्या संध्याकाळी घरी गेले, तिचं ताट झाकून ठेवलं आणि तिच्या दारावरून सरळ पुढे गेले. हाक नाही, चौकशी नाही. ओठ नुसते शिवशिवत होते — तुमच्याकडूनच शिवून घ्यायला हवे होते, दुहेरी टीप मारून.

चला, उठा आता. गरम काही खाऊ नका, बोटं खिशात, जीभ जागेवर. आणि या खेपेला पुडी आणलीत तर दारातूनच परत पाठवीन. — आता काय? डोळ्यांनी काय विचारताय, गेली का ती?

दुसऱ्या दिवशी सकाळी भरलेली बॅग तशीच ठेवून ती कंगवा घेऊन आली आणि माझ्यापुढे पाठ करून बसली.