गुण यायला सहा महिने लागतात

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील डॉक्टर मंडळी, औषधखिडकीतले माझे सहकारी आणि समोर बसलेल्या बंधू-भगिनींनो,

अध्यक्षांनी माझं फार कौतुक केलं. ऐकताना संकोच वाटत होता, आणि खरं सांगायचं तर पायही दुखत होते. एकतीस वर्षं त्या खिडकीमागे उभी राहिले. आता थोडं बोलते आणि बसते.

आमच्याकडे एक शिंपीमामा यायचे. प्रोस्टेट वाढलेलं, शिवणयंत्रावरून दर अर्ध्या तासाला उठावं लागायचं. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. रांग दारापर्यंत गेली होती. मी पाकीट पुढे केलं, म्हटलं, "रोज एक." झालं. बाईमाणसाला काय विचारायचं, म्हणून तेही मान खाली घालून निघून गेले.

चार महिन्यांनी आले ते सैल सदऱ्याखाली पिशवी लपवून. लघवी पार अडली होती, नळी घालावी लागली होती.

"गोळ्या घेत होतात ना, मामा?"

"दोन महिने घेतल्या. काही फरक पडेना, म्हणून सोडल्या."

"अहो, या गोळीचा गुण यायला सहा महिने लागतात."

"हे तुम्हाला ठाऊक होतं, ताई?"

"हो."

"मग सांगायचं ना."

रागावले असते तर बरं वाटलं असतं. पुढे ऑपरेशन झालं, मामा पुन्हा कामाला लागले. गोळ्या चालू ठेवल्या असत्या तर हे टळलं असतं का? कुणास ठाऊक. पण त्यांना ती संधी मी दिली नाही.

तेव्हापासून अशा प्रत्येक रुग्णाला सांगू लागले. वेळ लागेल, मनाने बंद करू नका. चक्कर येऊ शकते, सावकाश उठा. सर्दीची गोळीसुद्धा विचारल्याशिवाय घेऊ नका, तिनेही लघवी अडते. मग म्हणायचे, "आता हेच तुम्ही मला सांगा." रांग लांबली, तक्रारी झाल्या. चार शब्द आडोशाला बोलता यावेत म्हणून खोलीसाठी अर्ज केले. पहिला अर्ज ज्यांच्या हाती दिला, त्यांना निवृत्त होऊनही नऊ वर्षं झाली.

अध्यक्ष महोदय, निवृत्तीची भेट काय हवी, असं आपण विचारलंत. खोली राहू द्या. एक पडदा आणि दोन खुर्च्या द्या.

आपण सगळे वेळ काढून आलात, मी ऋणी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. मामांच्या आधी कितीजणांशी मी बोललेच नाही, त्याची मोजदाद माझ्याकडे नाही. ती माणसं आज या सभागृहात नाहीत. त्यांचीही क्षमा मागते, आणि थांबते.