तिसरी पुडी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या सोसायटीचे चेअरमन श्री. काशीनाथ साटम, व्यासपीठावरच्या महिला मंडळाच्या सुलूताई, समोर बसलेले शांती नगरचे रहिवासी, आणि खुर्चीच्या अगदी कडेला बसलेल्या सत्कारमूर्ती शेवंतीबाई, सर्वांना नमस्कार. शेवंतीबाई, नीट मागे टेकून बसा. आज तुम्हाला कुणी उठवणार नाही.

बावीस वर्षं त्या मोरव्याहून येऊन आपल्या गेटजवळ पाला, मुळ्या, साली विकत होत्या. आता गुडघे थकले. उद्यापासून त्या वरसाव्याला लेकीकडे राहतील. त्यांच्याबद्दल मी दोन गोड शब्द बोलावेत, असं ठरलंय. पण मी बत्तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. आधी फळ्यावरची चूक पुसते, मग गोड बोलते.

मागचा बॅनर पाहा. 'पाल्याने कॅन्सर पळवणाऱ्या शेवंतीबाई.' हे चूक आहे. आणि ही चूक माझ्यामुळे झाली आहे.

दोन वर्षांपूर्वी माझ्या डाव्या गालात आतून जखम झाली. तुटक्या दाढेची कड तिथे रोज घासायची. महिनोन्महिने धुमसणारी सूज कुठवर जाऊ शकते, हे मला कळत नव्हतं का? वर्गात मीच शिकवलेलं! पण माझी धाकटी बहीण आशा तोंडाच्याच कॅन्सरने गेली. डॉक्टरकडे जायला पाय उचलेनात. ते शेवंतीबाईंकडे वळले. त्यांनी जाईची पानं दिली, चघळायला.

त्यांचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. एका दुखण्याला दोनच पुड्या. तिसरी मागितली की दवाखाना. दोन पुड्या संपल्या, जखम तशीच. मग या शिस्तीच्या बाईने, म्हणजे मी, काय केलं? तिसरी पुडी सुनेच्या नावाने मागितली. निशिगंधा, तुझी दाढ कधीच दुखत नव्हती, हे आज जाहीर करते. हसू नका, पुढे ऐका.

शेवंतीबाईंनी माझ्या गालाकडे पाहिलं. म्हणाल्या, "दाढ सुनेची दुखतं, मंग शेंगदाने तुमी एकाच गालान का खातां, बाई?"

"तुम्ही पाला द्या," मी म्हटलं.

"न्हाय. ह्यो पाला तोंड आलंय त्याला हाय. तुमचं तोंड न्हाय आलं, तुमाला भ्या आलंय. भ्याला माज्याकडं पाला न्हाय."

त्यांनी टोपलीवर फडकं टाकलं आणि ऐन गिऱ्हाइकाच्या वेळी माझ्याबरोबर रिक्षात बसल्या. दवाखान्यात गालातला तुकडा तपासायला काढला तेव्हा माझी पर्स मांडीवर घेऊन बाहेर बसून होत्या. पेशी बदलू लागल्या होत्या, कॅन्सर झाला नव्हता. डॉक्टरांनी दाढ काढली, तो भाग काढला. "आणखी थांबला असता तर मला वेगळं काही सांगावं लागलं असतं," असं म्हणाले. तपासणीला मी अजून जाते.

मग आपल्या हंसाबेन सगळ्यांना सांगत सुटल्या, "टीचर का कॅन्सर पत्ती से भाग गया!" मी ऐकलं आणि गप्प बसले. खरं सांगितलं असतं तर तिसऱ्या पुडीचंही सांगावं लागलं असतं ना? पण गेल्या महिन्यात आपल्यातलेच एक गृहस्थ माझ्याकडे आले. "बाई, तो पाला कोणता? तीन महिने झाले, जखम भरत नाही." माझं गप्प बसणं त्यांनी तीन महिने चघळलं होतं. त्याच दिवशी मी त्यांना डॉक्टरकडे नेलं. हात धरून, शेवंतीबाईंनी मला नेलं तसं.

जाईच्या पानांनी तोंड आलेल्या कितीजणांना आराम पडला असेल. पण शेवंतीबाईंचा खरा गुण त्यांच्या 'न्हाय'मध्ये आहे. तो शब्द माझ्या कुठल्याच पदवीला वेळेवर उच्चारता आला नाही.

अध्यक्षांनी वेळ दिला, मंडळाने मला बोलू दिलं, आभारी आहे. कुठे कडक बोलले असेन तर जुनी सवय समजून सोडून द्या. त्या खोट्या पुडीची माफी मात्र मला एकाच व्यक्तीकडून हवी आहे. शेवंतीबाई, दोन वर्षं राहिली होती, आज मागते.

आणि उद्या सकाळी गेटजवळची तुमची जागा रिकामी दिसेल, त्यावर काही पाला आहे का हो?

बघा. मान हलवतायत. न्हाय म्हणतायत.