घड्याळजींची निधनवार्ता

नाही हो, नुसत्या सनावळ्या लिहून घेऊन काय करणार तुम्ही – पन्नास वर्षांचा अंक काढताय ना केंद्राचा? मग घड्याळजींचं लिहा. मी सांगते. बत्तीस वर्षं या जाहिरातींच्या खिडकीत बसलेय, माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? आमचे मालक मुळात रेडिओ विकायचे, खाली दुकान होतं. पण गावात कुठलंच केंद्र धड लागायचं नाही, नुसती खरखर – लोक रेडिओ परत आणून द्यायला लागले, तेव्हा वैतागून मालकांनी दुकानाच्या माळ्यावर स्वतःचंच केंद्र काढलं. सकाळी गाणी, मग बाजारभाव, मग हरवले-सापडले आणि सव्वाबाराला निधनवार्ता. सगळ्यात जास्त ऐकायचे ते तीच – हसू नका, तुमच्या घरीही ऐकत असतील. प्रायोजक कोण, तर गादीवाले. 'शांत झोपेसाठी आमच्याच गाद्या' – आणि लगेच गेलेल्यांची नावं. कुणाला काही वाटायचं नाही. सवय हो.

तर एके दिवशी सव्वाबाराला घड्याळजींचं नाव वाचलं गेलं. आज सकाळी वारले म्हणून. आणि घड्याळजी आपले चौकात, दुकानात, डोळ्याला भिंग, समोर रेडिओ चालू. आधी ते हळहळले – खरंच, शेजारच्या शिंप्याला म्हणाले, नाव ओळखीचं वाटतंय बुवा – मग पत्ता वाचला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तसेच उठले, भिंग डोळ्यालाच, आणि जिना चढून वर आले. याच खिडकीसमोरून गेले. माझ्याकडे बघितलंही नाही – बघायचेच नाहीत ते कधी. मालकांनी बसवलं, चहा मागवला. घड्याळजी भांडखोर नव्हते, एवढंच म्हणाले, की मी गेलेलो नाही, तेवढं सांगून टाका. मालक म्हणाले, तुमचं बरोबर आहे, पण आमची पंचाईत बघा. आजवर चारशे माणसं वारली या केंद्रावरून. एकाचं खोटं होतं म्हणून सांगितलं, तर उरलेल्यांच्या घरचे उद्या 'आमचाही बघा ना परत' म्हणत जिन्यावर रांग लावतील! गादीवाल्यांनीही फोनवर सांगितलं, की निधन मागे घेतलेलं त्यांच्या मालाला बरं दिसणार नाही. शेवटी ठरलं, नगरपालिकेतून जिवंत असल्याचा दाखला आणावा. तिथला कारकून रोज रेडिओ लावूनच मृत्यूची नोंदवही भरायचा, त्याचं काम कधीच उरकलं होतं. तो म्हणाला, दाखला मिळेल, पण अर्ज मयताच्या वारसानं करायचा. वारस म्हणजे धाकटा भाऊ. तो घरी भेटायला आलेल्यांच्या गराड्यात रडत होता, आणि घड्याळजींना दारात बघून हळूच म्हणाला, 'दादा, आता नको रे. लोक लांबून आलेत.'

मग काय करतात, बसले कोपऱ्यात. लोक त्यांच्याबद्दल चांगलं बोलत होते, आयुष्यात पहिल्यांदा. शिंप्यानं तर सांगितलं, असा शेजारी पुन्हा होणे नाही – आणि यांच्याकडेच पाणी मागितलं. पण गेलेल्या माणसाकडे घड्याळ कोण देणार? महिन्याभरात दुकान बसलं. तेव्हा मालकांनाच दया आली. निधनवार्ता वाचायला माणूस हवाच होता, आधीचा त्या दिवसापासून घाबरून येईना. घड्याळजींचा आवाज खोल, थांबून थांबून बोलायची सवय. मालक म्हणाले, या विषयात तुमच्याइतका अनुभवी माणूस मला कुठे मिळणार? एकोणीस वर्षं वाचलं त्यांनी. त्या काचेपलीकडे, इथून दहा पावलांवर. खरोखरचे गेले तेव्हा मात्र त्यांचं नाव वाचता आलं नाही – एका माणसाचं दोनदा वाचत नाहीत, नियम आहे. त्या दिवशी सव्वाबाराला नुसती गाद्यांची जाहिरात झाली.

चूक कशी झाली? झाली आपली. चिठ्ठ्या यायच्या ना खिडकीत – लोक कसंही लिहायचे, मी त्या सुवाच्य अक्षरात उतरवायची – म्हणजे बघा, त्या दिवशी हातातली कामं उरकून दुपारच्या गाडीनं ते निघणार होते. कायमचे. तिकडे शहरात घड्याळांच्या कारखान्यात नोकरी, वर तिथल्याच व्यवस्थापकाच्या मुलीशी सोयरीक ठरलेली. मला काय त्याचं? काही नाही. मी फक्त वर्षभर दर महिन्याला माझं चांगलं चालणारं घड्याळ बिघडवून त्यांच्याकडे नेत होते, एवढंच. आणि ते घड्याळच बघायचे. मला वाटलं, एक गाडी चुकेल. एकच. संध्याकाळी दुरुस्ती वाचली जाईल, सगळे हसतील – मालक असे हटून बसतील हे मला काय माहीत! मयताची जागा कारखान्यानं दुसऱ्याला दिली. तिकडची मुलगी शहाणी, तिनं फुलं पाठवली आणि सहा महिन्यांत दुसरीकडे लग्न केलं.

आम्ही? नाही. मयत माणसाशी लग्न लागत नाही. नोंदणी कार्यालयात विचारलं होतं मी – सहज, त्या बाजूनं जात होते म्हणून. पण वाचून झालं की ते इथे, याच स्टुलावर येऊन बसायचे. डबा दोघांचा एकत्र. तुम्ही हे कशाला लिहिताय? थांबा जरा.

त्यांना कळलं होतं का, ते मी कसं सांगू? एकदाच विचारलं त्यांनी, दहा-बारा वर्षांनी. डबा उघडता उघडता, वर न बघता, 'त्या दिवशी माझी चिठ्ठी कुणी आणून दिली, आठवतं?' मी म्हटलं, नाही बाई. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाले, 'बरं झालं. कळलं असतं तर आभार मानायला जावं लागलं असतं.' आणि माझ्या डब्यातली भाजी वाढून घेतली.

फाडा ते पान. फाडा म्हणते ना. इकडे द्या – टोपलीत नको, माझ्या हातात द्या. आणि उठा आता, खिडकी बंद झाली.