आखाडा म्हंजे तालीम न्हवं

— तसं न्हाई साहेब, तालीम मी लिहिलंच न्हवतं! बसा, परभणीची गाडी यायला टाईम हाय. तुमी पुण्याहून दिवाळी अंकाला गोष्ट मागायला आलात, अन् आल्या आल्या म्हन्लात, 'नागनाथ मास्तर, तुमची ती तालमीतली गोष्ट वाचलीय' — म्हणून सांगायलोय. आमच्याकडं वावरातल्या गोठ्याला आखाडा म्हन्तेत. बैल तिथं, कडबा तिथं, गडी झोपतो तिथंच. इथं वालूरला इचारा, तिकडं जिंतूरला इचारा, कुणीबी हेच सांगंल. माझी बहीण पंचफुला पहिल्या बाळंतपणाला आलती. माय अन् मी कामाला होतो, ती भाकरी घेऊन आखाड्यावर आली अन् तिथंच पोटात कळ उठली. घरची गाडी कापूस घेऊन सेलूला गेलेली. तिथंच कडब्यावर बाळंत झाली, तिथंच गेली, लेकरूबी गेलं. एवढंच मी लिहिलं. अन् तुमच्या हापिसात कुणाला तरी वाटलं, आखाडा म्हंजे कुस्तीचा — खेड्यातला मास्तर, शुद्ध शब्द सुचला नसंल बिचाऱ्याला — केलं तालीम! माझी बहीण तालमीत बाळंत झाली, साहेब. हसा की! सगळं गाव हसलं, तुमी कामून लाजायलात? स्टँडवर पोरं मला इचारायची, मास्तर, कुस्ती कोन जिंकलं?

अन् मी शिकवतो काय, तर इंग्रजी. औरंगाबादला कॉलेजात होतो तवा आमचे सर सांगायचे — लंडनचा मजूर बोलताना ह गिळतो, लेखकानं तो तसाच गिळलेला छापला, हे त्याचं मोठेपण. त्याच्यावर परीक्षेत प्रश्न यायचा. मी पान भरून उत्तर लिहायचो, ह गिळण्यातली गोडी! मंग माझी माय 'आमी, तुमी' म्हन्ती, तीबी ह-च गिळती की न्हाई? तिचा कोन छापतो? तिचा ह तुमी परत बसवता, वर म्हन्ता, मास्तर, जरा सफाई केली. सफाई! कुणी घाण केलती?

ती गोष्ट लिहायच्या आधी माझा फळा होता — न्हाई, आता न्हाई तो, शेळीच्या दावणीला आडवा लावलाय, खुट्टीबी त्यालाच ठोकलीय. ह्याच ओट्याच्या भिंतीला होता. सकाळी चार ओळी लिहायचो. कुणाची म्हैस हरवली, कोन नवरी बघायला गेला अन् जेवूनच परत आला — आपल्या बोलीत, कुणाचं नाव न्हाई, माझंबी न्हाई. बाजाराला जाणारं माणूस थांबायचं, वाचायचं, खालती आपली ओळ लिहून जायचं. भांडायचेबी. सरजाबाईला अक्षर येत न्हवतं, ती दुसऱ्याकडून लिहून घ्यायची, 'मास्तर खोटं बोलायलाय' म्हणून! सांजच्याला पुसून टाकायचं, झालं. कुणाचं हे कुणी इचारलंच न्हाई. मंग अठ्ठ्याहत्तर साल आलं, विद्यापीठाच्या नामांतराचं. फळ्यावर ह्यांची एक घोषणा, त्यांची एक, खडू जाऊन डांबर आलं. इकडं घरं जळल्याच्या खबरा यायल्या, म्हशीचं काय लिहू? उतरवला. तवा वाटलं, छापून आलेलं तर कुणी पुसत न्हाई — म्हणून गोष्ट लिहिली. एकच प्रत, तीच पाठवली. अंकात नाव लय ठळक आलं. खालचं काई माझं न्हवतं.

मायला वाचून दाखवली. तिला मी सांगितलंच न्हाई कुणाची गोष्ट हाय, म्हन्लं वळखंल. ती ऐकायली, पदर लावायली डोळ्याला. शेवटी इचारलं तिनं, 'लय वाईट झालं बाबा. कुणाची रं ही पोरगी?' ... सांगितलं न्हाई मी. कसं सांगू? दुसऱ्याच्या पोरीसाठी रडली, अन् पुढच्या साली तीबी गेली.

अन् आता तुमी म्हन्ता, बोलीत लिहा मास्तर, सध्या बोलीला मागणी हाय! लिहायला बसलो होतो की. काल न्हाई, लय दिस झाले. फुला जाताना मायला एक बोलली होती. तुमच्या अंकात छापलंय — 'आई, मला घरी घेऊन चल.' असं न्हवती बोलली ती. ती आमच्यासारखंच बोलली. 'माय, मला घरला...' — न्हाई. 'न्हे की गं' — न्हाई, न्हे म्हन्ली न्हवती, दुसरंच काई तरी होतं, उलिसंच, दोनच शब्द असतील. मी उशाला होतो, साहेब, ह्या कानानं ऐकलंय. अन् आता डोळे मिटले की ती कडब्यावर पडून पुस्तकातल्यासारखी बोलायलीय. मायला इचारलं असतं तर... मायला इचारायचं सुचलंच न्हाई.

काय? ... न्हाई, न्हाई. तुमी लिहून घेऊ नका हे. ठेवा तो पेन खिशात. उठा, गाडी लागलीय — जावा.